मागच्या सीटवर कोण बसणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२४च्या नोव्हेंबरच्या २२ ते २४ तारखांना गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्ड कंपनीचा ‘मोटोव्हर्स’ हा मोटारसायकलींचा मेळा झाला. पूर्वी त्याला ‘रायडर मेनिया’ म्हणत. आवाजाबद्दल आणि हणजूण-आसगावच्या कोंडीबद्दल लोक लिहितीलच आणि त्यांनी लिहावेही. माझे म्हणणे तिथे मांडलेल्या नव्या गाड्यांबद्दल आहे.

मी म्हापशाची. परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे कॅज्युअल्टी आणि ड्रेसिंग रूममध्ये गेली. आता निवृत्त आहे. धाकट्या मुलाला नवी गाडी घ्यायची आहे आणि त्याच सोहळ्यात बाजारात आलेल्या ‘गोअन क्लासिक ३५०’वर त्याचा डोळा आहे. “आई, आपल्या गोव्याचं नाव आहे गाडीला, बघायला तरी चल,” म्हणाला. सून आणि पाच वर्षांची नातही निघाली, म्हणून मीही गेले.

आधी हे सांगते की मला मोटारसायकली आवडतात. यजमानांकडे जुनी येझदी होती. तिची किक तीच तिचा गिअर आणि सायलेन्सर दोन्ही बाजूंना, त्यामुळे मागे बसल्यावर पाय कुठे ठेवायचा नाही हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकले. त्या गाडीवरून आम्ही पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरलो आहोत. तेव्हा ‘मोटारसायकल म्हणजे तरुण पोरांचे नसते खूळ’ अशा चालीवर हे पत्र नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

गोअन क्लासिक खरोखर देखणी आहे. उंच वळलेले हँडल, पांढऱ्या पट्ट्याचे टायर, १९७०च्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर आलेल्या हिप्पींच्या गाड्यांची आठवण करून देणारी ठेवण. रंगांची नावेही तशीच, रेव्ह रेड, ट्रिप टील, शॅक ब्लॅक, पर्पल हेझ. स्पोकची चाके असूनही टायर ट्यूबलेस आहेत, ही तर मला फारच चांगली गोष्ट वाटली. रात्री चोर्ला घाटात पंक्चर झालेल्या माणसाला तिचे मोल विचारा. चालकाची सीट ७५० मिलिमीटरवर, म्हणजे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतील. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहेच. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी घसरून येणाऱ्यांना ज्याने पाहिले आहे, तो या सक्तीला नावे ठेवणार नाही. बाजारात आली तेव्हा, २०२४ साली, किंमत एक्स-शोरूम २ लाख ३५ हजारांपासून होती.

मुलगा बसला, हँडल धरले, सुनेने फोटो काढला. मागे रांग लागलेलीच होती. प्रत्येक जण पुढच्या सीटवर बसायचा, आरशात बघायचा, उतरायचा. बराच वेळ मी तिथे उभी होते. त्या वेळात मागच्या सीटवर कोणी बसून पाहिल्याचे मला दिसले नाही.

मग मी बसते म्हटले. माहिती सांगणारा मुलगा अगदी सालस होता. “सावकाश हां काकी,” म्हणत त्याने गाडी धरली. मी नऊवारी नव्हे, साधी सहावारी नेसले होते, जशी गोव्यातली माझ्या वयाची कुठलीही बाई बाजारात जाताना नेसते. एका बाजूला बसले आणि सवयीने डावा हात सीटच्या मागे नेला. आडव्या बसणाऱ्या बाईचा एक हात चालकाच्या खांद्यावर आणि दुसरा मागच्या दांडीवर असतो. तिथे काही हाताला लागले नाही. सीटवरून आडवा जाणारा पट्टाही नव्हता. सीट छोटी आणि वेगळी. या मॉडेलची मागची सीट तिच्या दांड्यासकट काढून ठेवता येते आणि ती काढली की गाडी आणखी सुंदर दिसते, असे त्या मुलाने उत्साहाने सांगितले. दिसत असेलही. डाव्या बाजूला दोन्ही पाय ठेवायला पत्र्याची पायरी असते ती नव्हती, आणि चाकावर जाळीही नव्हती. माझा पदर थेट चाकाजवळ लोंबत होता. सुनेने तो पुढे होऊन उचलला.

“साडी गार्ड नाही का?” मी विचारले. “शोरूममध्ये बसवून मिळतो काकी. इथे शोची गाडी आहे ना.”

त्याच्याकडे माझी तक्रार नाही. पण हे एका कंपनीपुरतेही नाही. आजूबाजूला लोकांनी आणलेल्या निरनिराळ्या गाड्या उभ्या होत्या, त्याही मी मग मुद्दाम पाहत फिरले. उंच ॲडव्हेंचर गाड्यांवर मागे चढायचे तर आधी फूटरेस्टवर उभे राहावे लागते. हिमालयन ४५० घ्या. तिच्या चालकाचीच सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, मागची त्याहून वर. रेसिंगच्या धर्तीवरच्या गाड्यांची मागची सीट तर शेपटीकडे वर चढत जाते आणि बसणाऱ्याला सारखे पुढे घसरवते. माहितीपत्रकात ‘सीटची उंची’ म्हणून जो आकडा असतो तो चालकाच्या सीटचा. मागची सीट किती उंच, तिथून फूटरेस्ट किती खाली, धरायला काय आहे, यातले काही छापलेले मी अजून पाहिलेले नाही.

आता कायदा पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला बाजूला किंवा चालकाच्या सीटमागे धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकेल असे संरक्षण हवे. म्हणजे ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो ती बायकांच्या हौसेसाठी लावायची वस्तू नव्हे, तो नियम आहे. तरी शोरूममधून गाडी बाहेर पडली की पहिल्या आठवड्यात जी वस्तू पोरे पान्याने काढून माळ्यावर टाकतात ती हीच. का, तर ‘लूक’ जातो. आणि ज्या प्रदर्शनात तो लूक ठरतो तिथेच गाडी जाळीशिवाय उभी असेल, तर पोरांना मी तरी काय बोलू?

नोकरीत जे पाहिले ते थोडे सांगते. कोणाला ओळखू येईल असे काही लिहीत नाही.

आमच्याकडे लहान मुले यायची, टाच चाकात गेलेली. मूल मागे बसलेले असते, पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, लोंबकळत असतात. संध्याकाळची वेळ, मूल पेंगते, पाऊल आत वळते आणि टाच स्पोकमध्ये किंवा चाक आणि फ्रेमच्या फटीत जाते. आणले जाते तेव्हा टाचेमागची कातडी झाकणासारखी उघडलेली असते. आईला वाटते, धुऊन चार टाके घातले की झाले. नवीन डॉक्टरलाही तसे वाटू शकते. पण ती कातडी नुसती कापलेली नसते, चिरडलेली असते आणि तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्रेसिंग सोडले की ती काळी पडलेली दिसते. ती कापून काढायची, खालचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, उघडा पडतो, मग मांडीची कातडी घेऊन तिथे लावायची. मुलाची शाळा कित्येक आठवडे बुडते. ड्रेसिंगची ट्रॉली दारातून आत येताना पाहूनच ती मुले रडायला लागत. पट्टी जखमेला चिकटलेली असते. ती सलाइनने भिजवत भिजवत, अगदी थोडी थोडी सोडवावी लागते, आणि तेवढा वेळ मुलाला गोष्ट सांगत राहावे लागते. हे पुष्कळदा चाकावरच्या एका जाळीने टळते.  जाळी असेल तर पाऊल आत जायला फारशी वाट राहत नाही.

ओढणीचे तर विचारू नका. पूर्वीच्या साध्या गाड्यांना चेन पूर्ण झाकणारे पत्र्याचे कव्हर असे, आजही शंभर सीसीच्या साध्या गाड्यांना ते असते. महागड्या गाड्यांची चेन मात्र उघडी, वर फक्त एक पट्टी. ओढणीचे टोक चाकात किंवा चेनमध्ये गेले की ओढ गळ्याला बसते आणि मुलगी मागे फेकली जाते. कॅज्युअल्टीत मी अशा मुलींच्या गळ्यावरचा वळ पाहिला आहे आणि एकदा वळ पाहण्यापलीकडे आम्हाला काही करता आले नाही.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी बोलला जाणारा. बाई एका बाजूला बसलेली, मांडीवर मूल किंवा पिशवी, एकच हात मोकळा आणि त्यालाही धरायला काही नाही. गतिरोधक रंगवलेला नसतो, चालकाला उशिरा दिसतो. चालक हँडल धरून असतो म्हणून तो सावरतो. मागची बाई उलटी पडते आणि डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आपटतो. गाडीला ओरखडा नाही, चालकाला खरचटलेले नाही, तो स्वतःच तिला घेऊन येतो आणि म्हणतो, “अपघात नाही झाला हो, ही नुसती पडली.” ही ‘नुसती पडली’ म्हणून आलेली बाई पुष्कळदा रात्र काढत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरच्या अपघातांत गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसताना मेलेल्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. चालक नव्हेत, नुसते मागे बसलेले. ज्यांनी गाडी निवडली नाही, वेग ठरवला नाही, ब्रेक ज्यांच्या हातात नव्हता, अशी चौदा हजारांवर माणसे एका वर्षात. त्यांच्यासाठी प्रदर्शनात एक कोपराही नव्हता, याने मला वाईट वाटले आणि रागही आला.

हेल्मेटे आणि जॅकेटे यांचे स्टॉल होते, चांगला माल होता. नातीच्या मापाचे हेल्मेट मी विचारत फिरले, मला मिळाले नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाप्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवे, तो पुढे असो की मागे. आणि चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने २०२२ साली वेगळा नियम केला. मुलाला चालकाशी बांधणारा सेफ्टी हार्नेस हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाच्या डोक्याला हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे. तो हार्नेस कसा दिसतो हे म्हापशातल्या किती आयांना माहीत आहे? प्रदर्शनात खांद्यांवरून येणारे ते पट्टे एखाद्या बाहुलीला बांधून दाखवले असते तर निदान आलेल्या माणसांना कळले असते.

आता कोणी म्हणेल, बाई, ही हौशी लोकांची गाडी आहे, साडी नेसून मुले घेऊन जाणाऱ्यांनी स्कूटर घ्यावी. गोव्यात राहून हे म्हणणे मला पटत नाही. मागे बसून प्रवास करणे ही आपल्याकडे हौस नाही, वाहतुकीची पद्धत आहे. देशाला ‘बाइक टॅक्सी’ हा शब्द अलीकडे कळला, आपल्याकडे पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवर मागे बसवून नेणारे, माझ्या तरुणपणापासून आहेत. पिवळ्या मडगार्डची गाडी, स्टँडवर उभा असलेला ओळखीचा माणूस, आणि शुक्रवारच्या बाजारातून मागे पिशव्या घेऊन निघालेल्या बायका. संध्याकाळची बस चुकली की मी ड्यूटीवरून पायलटनेच घरी येत असे. आमच्या स्टँडवरचे एक म्हातारे पायलट मी बसल्याशिवाय आणि “घट्ट धर गो बाय” म्हटल्याशिवाय गिअर टाकत नसत. त्यांची गाडी एकदा नीट बघा. लांब सपाट सीट, तिच्यामागे जाड लोखंडी दांडी, डावीकडे रुंद पायरी, चाकावर पूर्ण जाळी, चेनला कव्हर. कुठल्याही कंपनीच्या डिझायनरने ती त्यांना आखून दिलेली नाही. रोज अनोळखी माणसे मागे बसवायची, त्यांतल्या एकाला जरी इजा झाली तर धंदा बसेल, या जबाबदारीतून ती गाडी तशी झाली आहे.

म्हणून माझी पहिली सूचना हीच आहे की ज्यांना गोव्याच्या नावाने गाड्या काढायच्या आहेत त्यांनी म्हापसा आणि पणजीच्या स्टँडवरच्या पायलटांना प्रदर्शनात बोलवावे, मान देऊन, मंचावर बसवून. मागच्या सीटबद्दल त्यांच्याइतके कळणारी माणसे देशात दुसरीकडे मिळायची नाहीत. त्यांना नव्या गाडीवर बायकोला, आईला मागे बसवून एक फेरी मारू द्यावी आणि ते काय म्हणतात ते कागदावर घ्यावे.

२०२४च्या ६ आणि ७ डिसेंबरला याच वागातोरला ‘इंडिया बाइक वीक’ हा दुसरा मेळा भरला. तिथे एकाच नव्हे, अनेक कंपन्यांच्या गाड्या असतात. त्या आयोजकांना माझी विनंती आहे की प्रत्येक मॉडेलची निदान एक गाडी रस्त्यावर जशी विकली जायला हवी तशी उभी करावी, जाळीसकट, दांडीसकट. बाकीच्या हव्या तशा सजवाव्यात, मी आड येत नाही. माहितीच्या फलकावर अश्वशक्तीच्या खाली मागच्या सीटची उंची लिहावी. आणि फोटोसाठी पुढे बसणाऱ्याला माहिती देणाऱ्याने एवढे एकच वाक्य जास्त सांगावे, “तुमच्या मागे जे बसणार आहेत त्यांनाही बसवून बघा.” यात कंपनीचा पैसाही जात नाही.

डिझायनरांनाही एक सांगायचे आहे. जाळी कुरूप दिसते म्हणून ती काढली जाते, हे मला कळते. मग ती सुंदर करा ना. टाकीवर इतकी बारीक नक्षी आणि रेघा ओढता, हँडलच्या वळणावर इतका विचार करता, तर चाकाच्या अर्ध्या भागावरचे एक कवच गाडीच्या अंगाला शोभेल असे घडवणे तुम्हाला अवघड का व्हावे? पोरांनी ते काढायचे म्हटले तर गाडी बोडकी दिसली पाहिजे. तसे झाले तर कुठल्याही पोलिसाने दंड न करता जाळी जागेवर राहील.

आरटीओने नोंदणीच्या वेळी गाडीला जाळी आणि मूठ आहे की नाही हे पाहावे, असेही मी लिहिणार होते. पण नोंदणी झाल्यावर घरी जाऊन ती काढणाऱ्याला आरटीओ कसा पुरणार? ते घरातल्यांनीच पाहायला हवे. सासूने, आईने, बायकोने. गाडीचे हप्ते घरातूनच जातात.

मुलगा गाडी घेणार आहे. मी त्याला अडवणार नाही, अडवून तो ऐकणारही नाही आणि खरे तर गाडी मलाही आवडली आहे. परवा त्याच्या हातात मी यादी दिली. मागची सीट कायम लावलेली राहील, दोन्ही बाजूंना चाकावर जाळी, मागे धरायला दांडी, डावीकडे पायरी, सुनेला आणि नातीला त्यांच्या मापाची आयएसआय शिक्क्याची हेल्मेटे. नातीचे पाय फूटरेस्टला टेकेपर्यंत ती मोटारसायकलवर मागे बसणार नाही. सुनेने यादी वाचून खाली आपले एक कलम स्वतःच्या अक्षरात जोडले आहे, सायलेन्सरला उष्णतेचे कव्हर. त्या यादीतले काय काय बसवून मिळते आणि कशाला नाही म्हणतात, ते गाडी घरी आल्यावर आपल्याला पुन्हा कळवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
म्हापसा, बार्देश